इंग्रजीशी गट्टी : आजीचं 'कामून' आणि पाहुणीचं 'गॉना'



आजचा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. तो सापडला अमडापूरला, माझ्या बहिणीच्या घरच्या ओसरीवर. बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे निघालात की वाटेत हे गाव लागते. टेकडीवर बल्लाळदेवीचे मंदिर, खाली गाव, भोवती सोयाबीन आणि कपाशीची शेते. माझी भाची इथेच राहते. नववीत आहे. शाळा बाहेरगावी, त्यामुळे रोज एस.टी.ने जाणे-येणे. इंग्रजीत वर्गात पहिली! मामाला त्याचा केवढा अभिमान!

पण त्या संध्याकाळी मी पोचलो, तर आमच्या बाईसाहेब ओसरीच्या कोपऱ्यात गुडघ्यात डोके घालून बसलेल्या. दप्तर एकीकडे, चपला एकीकडे. "काय झालं गं?" म्हटले, तर उत्तर नाही. खूप आर्जवे केल्यावर हुंदके देत देत हकिगत बाहेर आली.

त्या दिवशी शाळेची सहल लोणारला गेली होती. लोणारचे सरोवर तुम्हांला माहीतच असेल. बेसाल्टच्या काळ्या खडकावर उल्का आदळून झालेले ते प्रचंड विवर. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत त्याचे नाव गेले, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. ते पाहायला देशोदेशीचे लोक येतात. तशीच एक परदेशी पाहुणी विवराच्या काठावर फोटो काढत उभी होती. वर्गाच्या बाईंनी कौतुकाने आमच्या भाचीला पुढे केले.

पाहुणीने नाव विचारले. हिने सांगितले. गाव विचारले. तेही सांगितले. "व्हेअर इज अमडापूर?" तर हिने हात लांब करून दिशासुद्धा दाखवली! मग पाहुणी हसली आणि म्हणाली, "सो, वॉच्या गॉना बी?"

झाले! हिची गाडी तिथेच अडली. 'वॉच्या' हा शब्द पाठ केलेल्या यादीत नव्हता. 'गॉना' तर नव्हताच नव्हता. कळले काय, तर एकटा 'बी'. बी म्हणजे मधमाशी. म्हणून ही आजूबाजूच्या झाडांत मधमाश्या शोधू लागली! मुले खो खो हसली. पाहुणीने तेच वाक्य पुन्हा म्हटले, तेवढ्याच वेगाने. ही गप्प. शेवटी पाहुणीने हिच्या खांद्यावर थोपटले आणि ती पुढे निघून गेली. परतीच्या वाटेवर एस.टी.त हिचे नवे बारसे झाले, 'वॉच्या गॉना'.

एवढ्यावर रडू यावे का? मीही असेच म्हणणार होतो. पण मग ती म्हणाली, "मामा, पाचवीत नवीन होते, तवा 'मायं पुस्तक' म्हणलं तर पोरी हासल्या. तवापासून मी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य तपासून घेते. आता इंग्रजीलेबी हासले. मले ना मराठी धड येत, ना इंग्रजी."

मित्रांनो, या वाक्याने मात्र माझ्या पोटात कालवले. चांगली बोलकी मुलगी चार वर्षे मनातल्या मनात वाक्ये तपासते आहे आणि घरात आम्हां कुणाला पत्ताही नाही!

आजींनी सोडवले कोडे

तेवढ्यात चहाची कपबशी घेऊन तिची आजी बाहेर आली. नातीचा चेहरा पाहून म्हणाली, "कामून रडू रायली वं माय? कोनं काय म्हनलं तुले?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मी भाचीला विचारले, "आजी काय म्हणाल्या, कळलं?"

"हो. त्यात काय कळायचं?"

"मग वही काढ. मराठीच्या पेपरात लिहितेस तसं पूर्ण लिही."

तिने डोळे पुसले आणि लिहिले, 'का म्हणून रडून राहिली आहेस?'

"आता मोज. 'का म्हणून'मधलं काय गेलं?"

"दोन शब्दांचा एकच झाला. 'कामून'."

"'रडून'मधला न कुठाय? 'राहिली'मधला ह? आणि 'आहेस' तर अख्खंच्या अख्खं गायब!"

ती हसली. "आजीनं खाल्लं."

"तुला अडलं का कुठे?"

"नाही."

"का नाही अडलं?"

तिने विचार केला. "रोज ऐकते म्हणून."

बस्स! हेच तर मला हवे होते. मी म्हटले, "त्या पाहुणीनेही तेच केलं. तिचं पूर्ण वाक्य होतं, 'व्हॉट आर यू गोइंग टू बी?' मोठी होऊन तू कोण होणार? यातला एक तरी शब्द तुला नवा आहे का?"

एकही नव्हता. सहाही शब्द तिला केव्हाचे येत होते. पाहुणीच्या जिभेने 'आर' गिळला, 'व्हॉट' आणि 'यू' यांना चिकटवून 'वॉच्या' केले, 'गोइंग टू'ला आवळून 'गॉना' केले. भाचीची इंग्रजी कच्ची नव्हती. तिने आजवर इंग्रजी डोळ्यांनी वाचली होती, कानांनी फारशी ऐकली नव्हती, एवढेच!

शब्द का आखडतात?

आता याच्यामागचे कारण पाहू. जत्रेच्या दिवशी एस.टी.त काय होते? जाडजूड मंडळींना पुरती जागा लागते आणि पोरेटोरे कुणाच्या मांडीवर, कुणाच्या बगलेत कोंबली जातात. इंग्रजी वाक्य म्हणजे अशीच जत्रेची एस.टी. 'आय वॉन्ट टू गो टू द मार्केट' हे वाक्य घ्या. यातली वजनदार मंडळी तीन, 'वॉन्ट', 'गो' आणि 'मार्केट'. अर्थ त्यांच्यात आहे. त्यांच्यावर इंग्रज जोर देतो. 'टू', 'द' ही पोरेटोरे. ती मधल्या फटींत कोंबायची. मग 'वॉन्ट टू'चे 'वॉना' होते. मराठीत आपण साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याची जागा देतो, म्हणून कोंबलेली इंग्रजी आपल्या कानाला घाईची वाटते.

यातून ऐकण्याची एक युक्ती मिळते. सगळे शब्द पकडायला जाऊ नका. जोराचे शब्द पकडा. मधली पोरेटोरे आपोआप कळतात.

नेहमी कानांवर पडणारी काही रूपे इथे देतो. मोठ्याने म्हणून पाहा :

गोइंग टू — गॉना
वॉन्ट टू — वॉना
गॉट टू — गॉटा
गिव्ह मी — गिमी
लेट मी — लेमी
डोन्ट नो — डनो
काइंड ऑफ — काइंडा
आऊट ऑफ — आऊटा
कप ऑफ (टी) — कपा
डिड यू — डिजू
गॉट यू — गॉचा
बिकॉज — कॉज

'वॉना'त आणखी एक गंमत आहे. 'वॉन्ट अ'चेसुद्धा 'वॉना'च होते. पुढे क्रियापद आले की 'वॉन्ट टू', वस्तू आली की 'वॉन्ट अ'.

'डिजू' आणि आपला 'आज'

यादीतला 'डिजू' पाहून भाची म्हणाली, "मामा, 'डिड' आणि 'यू'मध्ये ज आहेच कुठे? हा आला कुठून?"

फार छान प्रश्न! द म्हणताना जीभ दातांना टेकते. लगेच य म्हणायचा म्हणजे ती मागे न्यायची. घाईत जीभ दोन्हीकडे जात नाही, मधल्या वाटेवर थांबते. तिथे ज तयार होतो. पटत नसेल तर 'द्य, द्य, द्य' असे भरभर म्हणून पाहा.

आणि ही युक्ती इंग्रजांनी शोधलेली नाही बरे का! आपल्या पूर्वजांनी ती फार पूर्वी केली आहे. संस्कृतात 'आज'ला 'अद्य' म्हणतात. प्राकृत बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी त्याचे 'अज्ज' झाले आणि मराठीत 'आज'. 'विद्युत्'चे 'विज्जु' आणि मग 'वीज'. दोन्हीकडे द आणि य मिळून ज! 'गॉट यू'चे 'गॉचा' कसे होते? त आणि य मिळून च. मग 'नृत्य'चे 'नच्च' आणि 'नाच' आठवा. तिथेही तेच घडले. पाहुणीची जीभ आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या पणजोबांच्या पणजोबांची जीभ, दोन्ही एकाच वळणाने वळल्या.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही अभिजात मराठी कुणी घडवली? अशाच शब्द आखडून बोलणाऱ्या साध्यासुध्या माणसांनी!

डोक्यावरचा स्वल्पविराम

आखडलेल्या शब्दांत दोन घराणी आहेत. पहिले घराणे तुमच्या पाठ्यपुस्तकातही भेटते. 'आय ॲम'चे 'आय'म', 'डू नॉट'चे 'डोन्ट', 'इट इज'चे 'इट्स', 'लेट अस'चे 'लेट्स'. लिहिताना यांच्या डोक्यावर एक छोटा स्वल्पविराम बसतो. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तो सांगतो, 'इथला माणूस बाहेर गेला आहे.'

असे चिन्ह आपल्याकडेही आहे. आठवा 'सोऽहम्'. मूळ शब्द 'सः' आणि 'अहम्'. जोडताना 'अहम्'मधला अ गेला आणि त्याच्या जागी ऽ हा अवग्रह आला. 'आय ॲम'मध्येही 'ॲम'चा पहिला स्वर जातो आणि त्याच्या जागी अपॉस्ट्रॉफी येतो. म्हणजे अवग्रह काय, अपॉस्ट्रॉफी काय, दोघेही गेलेल्या अक्षराची जागा राखणारे रखवालदार!

रखवालदार चुकीच्या दारावर मात्र उभा करू नका. 'इट्स' दोन आहेत. 'इट इज' म्हणायचे असेल तर रखवालदार हवा. 'त्याचे, त्याची' म्हणायचे असेल, जसे 'मांजराने त्याची शेपटी हलवली', तर नको. खुद्द इंग्रजी बोलणारी माणसेही इथे चुकतात. तसेच 'शुड हॅव'चे बोलण्यात 'शुडव्ह' होते. ते ऐकून त्यांचीच कित्येक मुले वहीत 'शुड ऑफ' लिहितात आणि बाईंचा ओरडा खातात. ही मुले कानाने शिकली, डोळ्यांनी नाही. आमच्या भाचीच्या अगदी उलट!

'विल नॉट'चे 'विलन्ट' न होता 'वोन्ट' का, असे तुम्ही विचाराल. जुन्या इंग्रजीत 'विल'चे 'वोल' असेही एक रूप होते. ते रूप मेले, पण त्याची खूण 'वोन्ट'मध्ये राहिली.

'गॉना' कुठे चालतो, कुठे नाही

दुसरे घराणे 'गॉना-वॉना'चे. हे मोकळेढाकळे आहे, पण बेशिस्त नाही. यालाही नियम आहेत.

पहिला नियम. 'गोइंग टू'नंतर क्रियापद असेल तरच 'गॉना'. 'आय'म गॉना स्टडी' म्हणजे मी अभ्यास करणार आहे. पण 'मी शाळेत जातो आहे' याचे 'आय'म गॉना स्कूल' होत नाही! तिथे 'आय'म गोइंग टू स्कूल' असेच पूर्ण म्हणावे लागते. कारण तिथे जाणे खरेखुरे आहे, पायांनी जायचे आहे. 'गॉना'तले जाणे फक्त मनातले आहे, बेत सांगणारे.

दुसरा नियम. 'ही' आणि 'शी' यांच्याबरोबर 'वॉना' नको. 'ही वॉन्ट्स टू प्ले' यातला स मध्येच अंग काढून उभा राहतो आणि शब्दाला आखडू देत नाही.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. जिथे जोर, तिथे काटछाट नाही. कुणी विचारले, 'आर यू रेडी?' तर 'येस, आय'म' असे कधीही म्हणू नका. 'येस, आय ॲम' असेच पूर्ण म्हणा. कारण इथे 'ॲम' हाच उत्तराचा प्राण आहे. 'नो, आय'म नॉट' मात्र चालेल. तिथे जोर 'नॉट'वर जातो आणि 'ॲम' पुन्हा पोरटोर होते.

गलिव्हरच्या लेखकाचा राग

आता एक गोष्ट. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' तुम्ही वाचले असेल. बोटभर माणसांचा देश, ताडमाड माणसांचा देश! १७२६ साली ते प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक जोनाथन स्विफ्ट यांना आखडलेल्या शब्दांचा भयंकर राग होता. १७१० साली 'टॅटलर' या नियतकालिकात त्यांनी त्यावर एक सणसणीत लेखच लिहिला. 'कॅन्ट', 'शान्ट' यांसारखी रूपे त्यांना डोळ्यांसमोर नकोत. शेपूट तोडलेल्या शब्दांवर तर त्यांचा विशेष राग. त्यातला एक शब्द होता 'मॉब'. मूळ लॅटिन शब्द 'मोबिले व्हल्गस', म्हणजे चंचल जमाव. लोकांनी त्याचे नुसते 'मॉब' केले. हा शब्द हाणून पाडायला स्विफ्ट वर्षानुवर्षे झटले.

पुढे काय झाले? स्विफ्ट अजरामर झाले आणि 'मॉब'ही अजरामर झाला! आज मोठमोठी वर्तमानपत्रे तो बिनदिक्कत छापतात. भाची ज्या 'बस'ने रोज शाळेत जाते, तीसुद्धा अशीच शेपटीवर धावते. मूळ लॅटिन शब्द 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. लोकांनी सगळे धड टाकून दिले आणि शेपूट तेवढे ठेवले. 'ओ'क्लॉक' हे 'ऑफ द क्लॉक'चे आखडलेले रूप. आणि 'गुडबाय'? 'गॉड बी विथ यी', देव तुझ्याबरोबर असो! चार शब्द झिजून झिजून एक झाला. निरोप घेताना आपण एवढा मोठा आशीर्वाद देतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

मग हसायचे कुणाला?

पुण्या-मुंबईची माणसे 'करतो आहे' असे क्वचितच म्हणतात. ती 'करतोय' म्हणतात. 'आलो आहे'चे 'आलोय', 'नको आहे'चे 'नकोय'. त्यांना कुणी हसत नाही. अमडापूरचा माणूस 'करून राहिलो'चे 'करू रायलो' करतो. कात्री तीच, कापडही तेच. मग एकाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला हसू का? उत्तर एकच. कोणती बोली मोठ्या शहरात बोलली जाते आणि कोणती नाही, एवढाच फरक आहे. त्यात जिभेचा किंवा बुद्धीचा दोष मुळीच नाही.

इंग्रजीतही असे आहे. 'ॲम नॉट', 'इज नॉट' यांच्याऐवजी काही लोक 'एन्ट' म्हणतात. गाण्यांत तुम्ही तो ऐकला असेल. एके काळी इंग्लंडातली बडी मंडळीही तो खुशाल वापरत. पुढे त्याला अशुद्ध ठरवले गेले. तो ऐकला की अर्थ समजून घ्या. पेपरात लिहू नका. आणि तो ज्याच्या घरचा शब्द आहे, त्याला हसूही नका.

म्हणजे सगळे कुठेही चालते का? नाही हं! घरात आपण बनियनवर हिंडतो, पण झेंडावंदनाला कडक इस्त्रीचा गणवेश घालतो. बनियन वाईट नाही आणि गणवेश खोटा नाही. जागा वेगळी, एवढेच. तसेच हे :

परीक्षेच्या उत्तरात, अर्जात, मुख्याध्यापकांना लिहायच्या पत्रात पूर्ण रूपे लिहा. 'आय ॲम', 'डू नॉट', 'गोइंग टू'.
मित्राला पत्र लिहिताना, गोष्टीतला संवाद लिहिताना 'आय'म', 'डोन्ट' चालतील.
'गॉना', 'वॉना' ऐकायला नक्की शिका. बोलायचे की नाही, ते तुमच्या मर्जीवर. उत्तरपत्रिकेत मात्र बिलकूल नको.

आपल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही हीच समजूत आहे. पात्राच्या तोंडची भाषा लिहायची असेल तर 'केलं, म्हटलं, सांगितलं' अशी अनुस्वाराची रूपे लिहावीत, एरवी 'केले, म्हटले, सांगितले'. हा लेखच पुन्हा चाळून बघा ना! मी हकिगत सांगतो तेव्हा 'झाले' लिहितो. आजी बोलतात तेव्हा 'म्हनलं' लिहितो. आजींच्या तोंडी मी 'कोणी काय म्हटले तुला?' असे घातले असते, तर ती तुमची-आमची आजी वाटली असती का?

आणखी एक सांगायचे राहिले. पाहुणीचे बोलणे कळले नाही, हा काही गुन्हा नव्हता. अशा वेळी दोन वाक्ये कामी येतात. 'सॉरी?' असे प्रश्नार्थक म्हणा. किंवा 'कुड यू से दॅट स्लोली, प्लीज?' म्हणजे जरा सावकाश सांगता का? समोरचा माणूस हसत नाही. उलट तो आपल्या शब्दांच्या घड्या उलगडून सांगतो. तुम्हीही एखाद्या पाहुण्याशी मराठीत बोलताना तसेच करता की नाही?

पालकांसाठी दोन शब्द

मूल घरी 'गॉना-वॉना' करू लागले की काही पालकांना आभाळ ठेंगणे होते आणि काहींना मूल बिघडल्यासारखे वाटते. दोन्ही नको. ते फक्त ऐकलेले उचलते आहे. त्याला एवढेच विचारा, "याचं पूर्ण रूप काय रे?" सांगता आले तर शाबासकी द्या. नाही आले तर दोघे मिळून शोधा.

आणि मूल 'मायं, तुयं, मले, तुले' म्हणाले, तर चारचौघांत "नीट बोल" असे कृपा करून म्हणू नका. "शाळेच्या वहीत हेच कसं लिहिशील?" असे विचारा. पहिल्या वाक्याने मूल गप्प होते. दुसऱ्याने त्याला दोन भाषा येतात. आम्ही घरातली मोठी माणसे चार वर्षे एका मुलीचे गप्प होणे पाहत राहिलो आणि तिला शहाणी, शांत म्हणत राहिलो. म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

पुढच्या वाक्यांची पूर्ण रूपे लिहा :

१. लेमी सी.
२. आय डनो.
३. गिमी द बॉल.
४. डिजू ईट?
५. वॉना कपा?

पाचव्याची गंमत बघा. पूर्ण रूपात सात शब्द आहेत आणि बोलण्यात उरतात दोन! सहावा प्रश्न मराठीचा. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातले आखडलेले पाच शब्द टिपा आणि त्यांची पूर्ण रूपे त्यांनाच विचारा. या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण! उत्तरे पुढच्या अंकात देईन. पण आजचा धडा नीट वाचलात, तर पहिली पाच इथेच सापडतील.

आता शेवटचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघालो. भाचीही शाळेला निघाली होती. अमडापूरच्या थांब्यावर दोघे एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्या बाईंचं उत्तर द्यायचं राह्यलंच."

"मग दे की. मी आहे ना ऐकायला."

तिने आधी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटले, "आय ॲम गोइंग टू बी अ जिऑलॉजिस्ट." म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ. लोणारचा तो काळा खडक तिच्या मनात घर करून बसला होता आणि आम्हांला पत्ताच नव्हता! मग इकडेतिकडे पाहून तिने तेच वाक्य भरकन म्हटले, "आय'म गॉना बी अ जिऑलॉजिस्ट." आणि स्वतःच हसली.

शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी विचारले, "काय म्हनू रायली पोरगी?"

या वेळी तिने मनात वाक्य तपासून घेतले नाही. लगेच म्हणाली, "काका, मी मोठी झाल्यावर दगडाचा अभ्यास करनार हाओ."

एस.टी. आली. आम्ही चढलो.

भेटू पुढच्या अंकात. तोवर, गॉड बी विथ यी... म्हणजे गुडबाय!